सूचना : पुढील श्रवणबैठकीसाठी रेकॉर्ड आणण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील श्रवणबैठक जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या 'असेन्शन' या रेकॉर्डसाठी राखून ठेवली असून, ज्यांच्या संग्रही तिची जुनी प्रत असेल त्यांनी ती आवर्जून सोबत आणावी. २८ जून १९६५ रोजी ११ वादकांनी ही रचना दोनदा ध्वनिमुद्रित केली. आधी त्यांतले एक ध्वनिमुद्रण बाजारात आले व नंतर कोल्ट्रेन यांच्या पसंतीचे दुसरे, परंतु वेष्टन तेच राहिल्यामुळे आपल्याकडे नेमके कोणते आहे, हे वरवर पाहून कळत नाही. त्यासाठी तबकडी तिरप्या उजेडात धरून लेबललगतच्या कोऱ्या पट्ट्यात 'एडिशन टू' असे कोरलेले आहे का, ते तपासावे; असल्यास ते नंतरचे ध्वनिमुद्रण होय. शंका उरल्यास ऐकून खात्री करता येते, कारण एल्व्हिन जोन्स यांचे एकल ड्रमवादन आधी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणातच आहे.

दोन्ही लागोपाठ ऐकण्याची संधी क्वचितच मिळते, म्हणून हा आग्रह. प्रथमच ऐकणाऱ्यांना सामूहिक वादनाची दाटी गोंगाटासारखी वाटेल; अशा वेळी बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या दोन वादकांपैकी एकाचा माग धरून ठेवावा, म्हणजे त्या दाटीतून एकेक एकल वादन कसे वर येते आणि पुन्हा त्यातच कसे मिसळते, ते उमगू लागते.

तबकडी कडेने धरूनच हाताळावी आणि दुसरी बाजू संपेपर्यंत कोणीही बोलू नये, ही विनंती.