ट्रवेरिनच्या पाण्याखालचं गाव

संपादक महोदय,

नोकरीनिमित्त लिव्हरपूलला काही वर्षं काढली. तिथल्या नळाच्या पाण्यामागे एक बुडालेलं गाव आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वेल्समध्ये बाला शहराजवळ ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. पूर्णपणे वेल्श बोलणारं. लिव्हरपूल महापालिकेला धरण हवं होतं, म्हणून 1957 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो झालाच. 1965 मध्ये शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर आणि बारा घरं-वाड्या पाण्याखाली गेल्या. गावातल्या 67 पैकी 48 जणांची घरं गेली. दफनभूमीतली मोजकी माणसं नातेवाइकांनी दुसरीकडे नेली, बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. हे वाचताना माझ्याच्याने पुढे सरकवेना. माझं आजोळ कोयनेच्या जलाशयात गेलं आहे.

लिव्हरपूलने 2005 मध्ये माफी मागितली. उशिरा का होईना, मागितली, याचं मला मोल वाटतं. वेल्समधल्याच लानरस्टिड गावाजवळ रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर ‘ट्रवेरिन विसरू नका’ असं वेल्शमध्ये रंगवलेलं आहे. कुणी ती भिंत पाडली की लोक पुन्हा उभी करतात.

आपल्याकडे कोयना, मुळशीकाठच्या बुडालेल्या गावांचं काय? तिथली देवळं, पाणवठे, शेतांची नावं सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. आपल्या दैनिकाने त्यांच्या आठवणींसाठी आठवड्याला एक कोपरा द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा