टाचणाच्या समासात

नारा, जपान

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल इथल्या एका शाळेत पाचवीचा गणिताचा पाठ पाहिला आणि तुझी टाचणवही आठवली. बडोद्याला दांडिया बाजारातल्या माडीवर रविवारी रात्री तू आठवड्याच्या पाठांचं टाचण काढायचीस. रकाने आखायचं काम माझं: मुद्दे, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. विद्यार्थीकृतीत कायम एकच वाक्य, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' एकदा मी ते वीसदा आधीच लिहून ठेवलं, तर म्हणालीस, बरं झालं, वेळ वाचला!

इथेही टाचण आणि रकाने आहेतच. फक्त विद्यार्थीकृतीच्या रकान्यात मुलं काय काय उत्तरं देतील ते लिहितात, चुकांसकट. कालच्या टाचणात होतं की १/२ आणि १/३ मिळवून काहीजण २/५ सांगतील. एका मुलीने तेच सांगितलं. बाईंनी ते न खोडता फळ्यावर लिहिलं आणि गप्प उभ्या राहिल्या. मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला, "अर्ध्यात भर घातली, मग ते अर्ध्याहून कमी कसं?" उरलेला तास त्याच्यावरच चालला. ४५ मिनिटांत फळा एकदाही पुसला नाही. शेवटी डावीकडून वाचत गेलं की अख्खा पाठ दिसत होता, २/५ सुद्धा! भिंतीला टेकून दहा-बारा शिक्षक टिपणं घेत होते. मुलांना मदत करायची नाही, नुसतं बघायचं. मग त्या पाठावर तासभर चर्चा. याला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात.

गंमत म्हणजे तुमची ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाची पंचपदी, पाठाच्या पाच पायऱ्या, इथेही होती. १८८७ साली हाउसक्नेख्ट नावाचे जर्मन प्राध्यापक तोक्योच्या विद्यापीठात आले, त्यांनी ती रुजवली. म्हणजे दोन्ही टाचणांचं मूळ घराणं एकच.

पण तूही चुका लिहायचीसच की, समासात, पेन्सिलीने! 'सुट्टी'ला 'रजा' म्हणतील. 'वाट जोतो' लिहितील. घरी मराठी नि गल्लीत गुजराती बोलणारी आपली बडोद्याची पोरं, दुसरं काय लिहिणार? तपासणीच्या आदल्या दिवशी तू ते खोडरबराने पुसायचीस, हे मात्र आता फार खटकतं.

पुण्याला जाताना त्या वह्या रद्दीत नाही ना घातल्यास? असतील तर समासांचे फोटो पाठव. रकान्यांचे नकोत, ते मला पाठ आहेत.

काकांना नमस्कार.

तुझी,
मनू