कासवाला चपाती घालणाऱ्यांसाठी

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय जरा वेगळा आहे, हसू नका. खड्डे, पार्किंग, पंचगंगेचं प्रदूषण यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी कासवाच्या खाण्यावर लिहितोय. आपल्या कोल्हापुरात आता बऱ्याच घरात कासव आलंय, कुणाकडं टबात ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं, कुणाकडं गच्चीवर फिरणारं जमिनीवरचं, आणि कुणाकडं वास्तूसाठी म्हणून गुपचूप आणलेलं चांदण्या-चांदण्यांचं. आणि जिथं कासव तिथं हा प्रश्न ठरलेला, "आपल्या ताटातलं थोडं घातलं तर काय होतंय?" जमिनीवरचं गवतखाऊ कासव असेल तर माझं उत्तर सरळ आहे, घालू नका, थोडं पण नको. का ते सांगतो.

माझ्या पुतण्याकडं सल्काटा जातीचं जमिनीवरचं कासव आहे. मूळचं आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या खालच्या सुक्या पट्ट्यातलं, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेलं (२०२४ च्या नियमाप्रमाणं असल्या परदेशी प्राण्यांची नोंद करावी लागते, निम्म्या लोकांना पत्ताच नाही). आत्ता तळहातात मावतंय पण नर मोठा झाला की ४५-५० किलोवर जातो म्हणे, तेव्हा कुठं ठेवणार हे पुतण्यालाच माहीत. तर घरी पाहुणे आले की सगळा घोळका त्याच्याभोवती. कुणी केळं पुढं करतंय, कुणी टोमॅटोची फोड, कुणी दुधात बुडवलेला चपातीचा तुकडा, संक्रांतीला तर एका मावशींनी गुळाचा खडा धरला तोंडाशी. कासव काय, खातंय. लाल-पिवळं काही दिसलं की मान लांब करून येतंय आणि मग सगळ्यांचं सुरू, "बघ बघ किती आवडलं त्याला!" आणि एकदा का त्याला गोड मऊ खायची चटक लागली की मग गवताकडं ढुंकून बघत नाही, ते वेगळंच.

आमचं घर गंगावेशीतलं, दुधाच्या धंद्यातलं, त्यामुळं मला हे म्हशीवरून लवकर कळतं. लग्नातला उरलेला भात, बुंदी, चपात्या कुणी मायेनं म्हशीपुढं ओतल्या तर रात्रीत पोट फुगून जनावर आडवं होतंय हे गोठा असलेला कुणीबी सांगेल. गवत आंबवून पचवणारे जे जंतू पोटात असतात त्यांच्यावर एकदम एवढा स्टार्च आणि साखर आली की सगळं आंबट होऊन बिघडतं. गवतखाऊ कासवाचं पोट पण गवत आंबवूनच चालतं, फक्त म्हशीत ते काम पुढच्या पोटात होतं आणि कासवात मागं मोठ्या आतड्यात. आणि म्हैस रात्रीत दाखवते, कासव दाखवत नाही. त्याचं सगळंच निवांत, खाल्लेलं बाहेर पडायलाच कित्येक दिवस लागतात, त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यात अंग गार पडलं तर पचनच थांबल्यासारखं होतं, त्यामुळं पातळ शी झाली तरी मागच्या आठवड्यातल्या भातावर कुणाचा संशय जात नाही. दूध तर कुठल्याच कासवासाठी नाही, सरपटणाऱ्या प्राण्याला ते पचवायची सोयच नसते.

आता केळं. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२. टोमॅटोत १० आणि २४. कासवाला पाहिजे बरोबर उलटं, फॉस्फरसच्या निदान दीडपट-दुप्पट कॅल्शियम, कारण त्याला हाडांबरोबर अख्खं कवच बांधायचं असतं. खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडातलंच काढून वापरतं, कवच मऊ पडतं, जबडा वाकडा होतो, पाय ओढत चालतं. हे व्हायला महिने जातात, कधी वर्षं. तोपर्यंत केळं घालणारा पाहुणा विसरून पण गेलेला असतो.

"मग पालक घालतो, पालेभाजीच हाय की." इथं पण दूधवाल्याला विचारा. उसाचं वाडं नुसतं घालत राहिलं की जनावराचं कॅल्शियम कमी पडतं, कारण वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. पालकात तेच ऑक्झलेट भरपूर आहे. एखाद्या वेळी दोन पानं गेली तर लगेच मरत नाही पण रोजची भाजी म्हणून नको. कोबी-फ्लॉवर पण रोज नको, थायरॉइडवर परिणाम होतो. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, चॉकलेट अजिबात नाही. उकडलेलं अंडं, कुत्र्याची बिस्किटं हे "ताकद यावी म्हणून" घालणारे पण बघितलेत मी, अहो एवढं प्रोटीन गेलं की युरिक ॲसिड वाढतं, किडनी जाते, सांधे सुजतात. भडंग-फरसाणाबद्दल तर लिहायची लाज वाटते पण घालतात लोक.

आणि खाणं कितीही बरोबर असलं तरी ऊन लागतं. काचेच्या खिडकीतलं ऊन चालत नाही, उन्हातले कामाचे यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते, आणि ते नसतील तर डी जीवनसत्त्व तयार होत नाही मग घातलेलं कॅल्शियम फुकट. सकाळी गच्चीवर उघड्यावर सोडा, बाजूला सावली ठेवा, काम झालं.

आता कुणीतरी कोलकात्याच्या अद्वैतचं नाव काढणारच. अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं ते अल्दाब्रा जातीचं राक्षसी कासव, २००६ साली वारलं, अडीचशे वर्षांचं होतं म्हणतात, आणि त्याच्या खुराकात गवत, कोंडा, गाजर यांच्याबरोबर ब्रेड आणि भिजवलेले हरभरे पण असायचे. असतील. पण ते अडीचशे किलोचं धूड, त्याच्या पोटात ब्रेडची एक स्लाइस म्हणजे काहीच नाही, आणि आपल्या घरातलं पिल्लू दोनशे ग्रॅमचं, त्याला तीच स्लाइस म्हणजे दोन दिवसांचं जेवण. शेजारचे आजोबा बिड्या ओढून नव्वदीला पोचले म्हणून कुणी पोराला बिडी देत नाही.

घालायचं काय मग, तर ते सगळं फुकटातलं आहे. हरळी म्हणजेच दूर्वा, जास्वंदीची फुलं आणि पानं, तुतीचा पाला, काटे काढलेलं फड्या निवडुंग, शेवग्याचा पाला अधूनमधून. समुद्रफेनाचा (माकुळीच्या अंगातलं पांढरं कॅल्शियमचं हाड) एक तुकडा टाकून ठेवायचा, पाहिजे तेव्हा कुरतडतंय, चोच पण झिजते (मऊ खाऊन चोच वाढते आणि मग तोंडच मिटत नाही). देवळातल्या हारातली फुलं मात्र नकोत, फवारणीची असतात. हरळीचा झुपका पुढं टाकला की आमचं सल्काटा पुढचा पाय त्यावर रोवतं, चोचीत धरून मान मागं ओढतं, टर्रकन तुटल्याचा आवाज येतो, मग डोळे अर्धे मिटून चावत बसतं. पाहुण्यांना खाऊ घालायची एवढीच हौस असेल तर त्यांच्या हातात जास्वंदीचं फूल द्या, लाल रंगाला भुलून येतंयच ते.

सगळ्या कासवांना एकच नियम नाही हे खरं. दक्षिण अमेरिकेतलं लाल पायाचं कासव जंगलातच फळं खातं, त्याला फळ चालतं. टबातलं लाल पट्ट्याचं रेड इअर्ड स्लायडर पाण्यातलं, ते पाला पण खातं आणि किडे-मासे पण, त्याला नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवू नका आणि पाव तर नकोच, पाणी नासतं. त्याचा टब किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो, ह्याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे, आणि आपल्याकडं मात्र नाण्याएवढी पिल्लं पोरांच्या हातात देतात. कंटाळा आला म्हणून रंकाळा तलावात सोडायचं तर बिलकुल नाही, आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास पळवतंय ते.

चांदणीचं कासव ज्यांच्याकडं आहे त्यांना खाण्याचा सल्ला मी देणार नाही. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, किमान ३ वर्षांची शिक्षा. आणि खरं दुखणं इथंच आहे, लपवून ठेवलेलं असल्यामुळं डॉक्टरकडं नेत नाहीत, मग काकडी-टोमॅटोवर ते कुजत राहतं आणि घरात म्हणे बरकत येते. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, फोन करा आणि देऊन टाका.

माझी मागणी एवढीच. पेट शॉपला प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी सक्तीची आहे, २०१८ च्या नियमाप्रमाणं, मग त्या नोंदणीच्या वेळीच असा दंडक घाला की जो कुठला प्राणी विकाल त्याच्याबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्यायचा, त्याची जात कोणती, मोठा झाला की केवढा होणार आणि काय खायला घालायचं नाही. पुतण्यानं सल्काटा आणलं तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं, "काय पण खातंय ओ, काय टेन्शन घेऊ नका."

आपला,
एक दूधवाला,
गंगावेश, कोल्हापूर