कॉर्डच्या आकृतीखाली स्वरही छापा

महोदय,

गिटारविषयक लेखांत कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, ठिपक्यांच्या आकृत्या असतात. कोणत्या तारेवर कोणता स्वर वाजतोय, हे मात्र कुणी सांगत नाही. मग पोरं वर्षानुवर्षं बोटांचे आकारच पाठ करत बसतात.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग आणि प. मूळ स्वरापासून त्याच तारेवर पुढे मोजले, तर चौथा आणि सातवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा कप्पा). मायनरमध्ये ग कोमल, म्हणजे तिसरा फ्रेट. बाकी सगळी याच स्वरांची तारांवरची मांडणी. नेहमीच्या सी मेजरमध्ये पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत सी, ई, जी, सी, ई (सा, ग, प, सा, ग) असे स्वर येतात. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मोकळी वाजली तर सर्वांत खालचा स्वर ई होतो आणि कॉर्डचा पाया हलतो. अनामिकेचं टोक सहावीला नुसतं टेकवा, ती बंद होते.

एफच्या बारे कॉर्डमध्ये (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी) सहाही तारा वाजतात, पण ग (इथे ए) एकाच ठिकाणी असतो : तिसरी तार, दुसरा फ्रेट. मधलं बोट उचललं की एफ मायनर. ती तार नीट दबली नाही तर मेजर-मायनर काहीच कळत नाही. 'माझा एफ पोकळ वाजतो' या तक्रारीत आधी ही तार तपासावी. उलट सी सेव्हनच्या (सी मेजर अधिक कोमल नी) साध्या मांडणीत तिसऱ्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला कोमल नी येतो आणि प चक्क गायब होतो. कान तक्रार करत नाही.

आकृतीखाली प्रत्येक तारेचा स्वर छापायला एक ओळ पुरते. तेवढी जागा द्यावी.

– एक गिटारशिक्षक, पुणे