पिल्लं कायमची नको, तीन-चार आठवडे तरी घरी न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मी जळगावची, पिंप्राळ्याकडे राहते. मागच्या मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकला होता तेव्हा एका शेल्टरमधून देशी कुत्र्याची तीन पिल्लं महिन्याभरासाठी घरी आणली होती, त्याबद्दल लिहितेय, कारण उन्हाळा परत तोंडावर आलाय आणि शेल्टरवाल्यांचे फोन सुरू झालेत.

तिथं आत गेलं की कळतं. पत्र्याचं शेड, दोन कुलर, गाडीखाली सापडलेली, खरजेची, गोचिडांनी भरलेली सगळी एकाच छताखाली आणि राबणारी माणसं चार. ती जीव तोडून करतात, पण लहान पिल्लांना तिथंच जास्त धोका, एकाला पार्वो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग) झाला की विष्ठेतून बाकीच्यांना होतो, त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने राहतो आणि लस तर पिल्लू दीड-दोन महिन्याचं झाल्यावरच सुरू होते. तोपर्यंत त्यांना वेगळी जागा पाहिजे. फॉस्टर करणं म्हणजे एवढंच, दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, लस-औषधाचा खर्च बऱ्याच ठिकाणी शेल्टरच करतं, आधी विचारून घ्यायचं.

माझी तिघं दहा-बारा दिवसांची होती, डोळे नुकते उघडत होते. सासूबाई दारातच म्हणाल्या, "हाई काय लई उनी व माय?" (हे काय घेऊन आलीस गं बाई?) पहिल्या रात्री उकाड्यात जीव जाईल म्हणून मी खोकं कुलरसमोर ठेवलं आणि सकाळी सगळ्यात बारकं गार पडलेलं, दूध ओढेना. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, बाहेर ४५ असलं तरी ओला वारा त्याला सोसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी ते गेलं, माझ्या ओढणीतच. आजही कुलर लावताना आठवतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

बाकीची दोन जगली. गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात, पिल्लांची दूध पावडर पेट शॉपमध्ये मिळते. पाजताना पोटावरच ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शूच्या जागी हळूच फिरवायचा, तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपली आपण शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आठवड्याभरात सासूबाईच रात्री दोनला उठून मला हलवायला लागल्या, "ऊठ, पोरं रडताहेत."

आमच्या बिल्डिंगमध्ये तक्रार झालीच. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितलंय, तो कागद दाखवला आणि जिना रोज स्वतः पुसला, मग विषय थांबला.

लोक मला म्हणतात, आम्हाला नाही जमणार, लळा लागतो आणि मग देववत नाही. मलाही देववत नव्हतं. चोपड्याकडचं एक शेतकरी कुटुंब दोघांना घेऊन गेलं तेव्हा मी गच्चीवर जाऊन रडले. पण ती गेली म्हणूनच खोली रिकामी झाली ना, मीच ठेवून घेतली असती तर पुढच्यांना जागा कुठून आली असती? आणि फक्त पिल्लंच न्यायची असं नाही, पाय प्लास्टरमधे असलेलं मोठं कुत्रं असतं, त्याला तीन आठवडे फक्त शांत कोपरा हवा असतो. घरात आधीचं कुत्रं असेल तर त्याची लस झालीये का बघा आणि पहिले दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा.

आपल्या पेपरात भाड्याचं घर, वधू-वर, सगळ्या छोट्या जाहिराती येतात. दर रविवारी एक चौकोन खान्देशातल्या शेल्टरमधल्या प्राण्यांसाठी द्याल का, फोटो आणि किती दिवसांसाठी घर पाहिजे एवढंच, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडचं. माझ्याकडे परवा मांजरीची चार येताहेत, म्हणून वरची खोली आजच धुवून काढलीये.

आपली,
एक वाचक, जळगाव