आई, इथेही चक्का टांगतात

प्रिय आई, बाबा आणि आजी,

काल पाडव्याला फोनवर धड बोलताच आलं नाही, तिकडे सगळे जमलेले, गलका चाललेला आणि मला ट्रेन गाठायची होती, इथे पाडव्याला कसली आलीय सुट्टी. म्हणून आज निवांत लिहितेय. आई तू विचारलंस ना, श्रीखंड केलंस का नुसताच शिरा, तर केलं! आणि चक्का घरचा, फडक्यात रात्रभर टांगलेला. त्याचीच सगळी गोष्ट सांगायचीय, जरा लांबेल.

इथे नेदरलँड्समध्ये लायडनला आले तेव्हा पहिल्यांदा मी पनीरच शोधायला निघाले होते, चक्क्याचं डोक्यातही नव्हतं. कुणीतरी सांगितलं द हेगला जा, ट्रेनने पंधरा मिनिटं, तिथे हिंदुस्थानी लोकांची दुकानं आहेत. मला वाटलं आपल्याकडून नोकरीला आलेले लोक असतील, पण बाबा, हे तुमच्यासाठी सांगते, ही दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची माणसं. १८७३ पासून पुढे चाळीसेक वर्षं बिहार-यूपीकडून सुमारे ३४ हजार माणसं करारावर मजूर म्हणून तिकडे डचांच्या मळ्यांवर नेली होती, आणि १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांची पुढची पिढी मोठ्या संख्येने इथे आली. दुकानातल्या काकू माझ्याशी जे बोलल्या ते भोजपुरीसारखं होतं, सरनामी म्हणतात त्याला, मला निम्मंच कळलं पण "पनीर" म्हटल्यावर त्यांनी लगेच फ्रीजकडे हात केला. दीडशे वर्षं आणि दोन समुद्र ओलांडून तो शब्द तसाच्या तसा! मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ, काय घ्यायचं होतं तेच विसरले.

पनीर चांगलं होतं पण घट्ट, वड्या पाडल्या की रबरासारख्या व्हायच्या, मऊ पाहिजे तर घरीच करावं म्हणून दूध आणलं आणि तिथे फसले. इथे दूध दोन ठिकाणी असतं, फ्रीजमध्ये ताजं आणि बाहेर फळीवर महिनोन्महिने टिकणारं. मी आपलं फळीवरचं उचललं. लिंबू पिळलं तर फाटलं खरं पण रवाळ, चुरा चुरा, पातेलं पाण्याने भरून तासभर वर ठेवलं तरी वडी धरेना. नंतर कळलं की ते दूध १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं, काही सेकंदच, पण तेवढ्यात दुधातली प्रथिनं बदलतात आणि मग ती एकमेकांना नीट धरत नाहीत. आता फ्रीजमधलं फुल फॅट आणते, छान मऊ होतं. तरी म्हशीच्या दुधाची सर नाही आई, सगळं गायीचं, साय म्हणजे नुसता पापुद्रा.

आणि गायी कोणत्या माहितीये? काकांच्या गोठ्यात आहेत त्याच! आपण फलटणला एचएफ एचएफ म्हणतो ना, त्यातला एफ म्हणजे फ्रिजियन, म्हणजे फ्रीसलंडची, आणि ते फ्रीसलंड इथलाच एक प्रांत आहे. ट्रेनच्या खिडकीतून काळ्या-पांढऱ्या गायी दिसल्या की मला काकांचा गोठाच आठवतो, तो वास, ती कडब्याची कुट्टी, सगळं. काकांना नक्की सांगा.

बरं चीज. इथे बुधवारी आणि शनिवारी कालव्याच्या काठाने बाजार भरतो, चीजच्या गाड्यावर गाडीच्या चाकाएवढी चीजं रचलेली असतात, आणि मागितलं की सुरीने पातळ काप काढून चाखायला देतात. एकदा काप तोंडात टाकला आणि दाताखाली जिरं आलं! खरंच जिरं, अख्खं. लायडनचंच चीज आहे ते, गावाच्या चिन्हातल्या दोन चाव्यांचा छाप असतो वर. पूर्वीचे शेतकरी दुधावरची साय लोण्याला काढून घ्यायचे आणि उरलेल्या दुधाचं हे चीज करायचे, कमी सायीचं म्हणून जरा कोरडं, त्यात जिरं घालायचे. आई हे तर तुझंच डोकं झालं, साय बाजूला, तूप वेगळं आणि उरलेल्याचंही काहीतरी चवीचं. मी ते पोळीत घालून गुंडाळी करून डब्यात नेते. दादाला सांग त्याच्या डब्यातल्या चीजसारखी चव मात्र अजून सापडलेली नाही, ते प्रोसेस्ड, आधी वितळवून परत घट्ट केलेलं, आणि मीठही जास्त. चारेक महिने मुरलेलं गौडा किसून टोस्टवर घातलं तर थोडं जवळ जातं.

आजी, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू विचारलं होतंस चीजमध्ये गायी-वासराच्या अंगातलं काही नसतं ना, आणि मी तेव्हा "नसतं गं" म्हणून मोकळी झाले होते, ते चुकलं माझं. चीज लावायला रेनेट, म्हणजे दूध घट्ट जमवणारं द्रव्य, लागतं आणि ते पूर्वापार वासराच्या पोटातलं असतं. इथे त्याला स्त्रेम्सेल म्हणतात, पाकिटावर तेवढंच लिहिलं असेल तर मी घेत नाही, शाकाहारी किंवा मायक्रोबियल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घेते, आणि बाजारात तर आधी तेच विचारते. आणि याच्यामुळेच माझं पाडव्याचं अडलं होतं. इथली सगळी मराठी मंडळी श्रीखंडाला क्वार्क वापरतात, डब्यात मिळतो, अगदी चक्क्यासारखा पांढराशुभ्र, साखर-वेलदोडा घातला की झालं. पण काही क्वार्कमध्येही रेनेट घालतात. खायला मी डबा बघून घेईन एक वेळ, पण नैवेद्याला मन तयार होईना.

तर शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, फ्रीसलंडच्या शेतावर वाढलेल्या. मी एकदा पनीर परतत होते तेव्हा आल्या होत्या, तव्याकडे बघतच राहिल्या की हे चीज वितळत कसं नाही! मी सांगितलं की गरम दुधात आंबट घातलं की ते असं घट्ट जमतं की मग तवा कितीही तापू दे, सुटत नाही. तेव्हापासून आमची गट्टी. मागच्या आठवड्यात त्यांना सहज म्हटलं की आमचा सण आहे आणि मला दही टांगून ठेवायचंय, पण तुमच्याकडे असं कुणी करत नसेल. त्या काही बोलल्याच नाहीत. उठल्या, ओट्याखालच्या खणातून एक फडकं काढलं, धुऊन धुऊन विरलेलं, कडेला निळी रेघ, मधोमध पिवळट डाग. आणि म्हणाल्या, हांगऑप.

हांगऑप म्हणजे टांगून ठेव! पदार्थाचं नावच ते! दही नाहीतर ताक ओल्या फडक्यात बांधायचं, पाणी गळू द्यायचं, आणि जो गोळा राहील त्यात साखर-दालचिनी घालून खायचं, वर गोल कुरकुरीत टोस्ट चुरून. त्यांची आई करायची. आता घरी कुणी करत नाही म्हणाल्या, विकतचं आणतात. आई, मी त्या फडक्याला हात लावून बघितला आणि मला आपल्या मोरीतल्या नळाला लटकणारा बाबांचा जुना पंचा दिसला, खाली पातेलं, रात्री पाणी प्यायला उठलं की टप टप आवाज यायचा आणि आपण कुजबुजायचो की आता किती घट्ट झाला असेल. रडायला आलं गं. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता चहा ठेवला.

मग पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात टांगला. दोन लिटर दही, माझ्या घरच्या विरजणाचं (इथे गारठ्यात लागत नाही, ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते रात्रभर). फडकं आधी ओलं करून पिळून घ्यायचं, नाहीतर दही त्यातच मुरतं, हे त्यांनी सांगितलं आणि तूही हेच सांगतेस. सकाळी पाऊण किलोच्या वर निघाला, फडकं सोडलं तर चक्क्यावर विणीची नक्षी उठलेली. उरलेल्या पाण्यात मी कणीक भिजवली. नैवेद्य दाखवला, मग वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटून खाल्लं आणि विचारलं की ही हिरवी कोणती पूड? वेलदोडा, मी म्हटलं. पुढच्या वेळी दालचिनीऐवजी हीच घालणार म्हणतात.

आता मे महिन्याचं. आई, तू बॅगेत चीजचा डबा आणि श्रीखंड आणणार म्हणालीस, अजिबात आणू नका. बाहेरून येणाऱ्या माणसाला युरोपात सामानातून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, दही, खवा, पेढे, चीज काहीच नाही, विमानतळावर काढून टाकतील आणि तुझा जीव हळहळेल. त्याऐवजी पुरणयंत्र आण. पितळी, बारीक भोकांच्या चकतीचं, आजीचं. या वेळी मी चक्का पिठाच्या चाळणीतून हाताने घासला, मनगट भरून आलं आणि तरी थोड्या गुठळ्या राहिल्याच. शेजारच्या आजींनाही ते यंत्र बघायचंय. मी हाताने फिरवून दाखवलं पण त्यांना वाटलं ते कॉफी दळायचं आहे.

सगळ्यांना नमस्कार, दादाला खूप सारं प्रेम.

तुमची,
मनू