‘समर्पक साथ केली’ म्हणजे नेमकं काय केलं?

महोदय,

आपल्या अंकातल्या मैफलींच्या बातम्या साथीदारांना एका ठरलेल्या वाक्यात उरकतात, त्याबद्दल हे पत्र; पण थोडं मागून सांगते. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन बंद, टीव्ही बंद, खाली वाकायचं नाही. दिवसातून सहा वेळा थेंब आणि बाकीचा वेळ काळा चष्मा लावून खुर्चीत. नातवानं फोनला एक छोटा स्पीकर जोडून दिला आणि म्हणाला, “आजी, तू फक्त नाव बोल, ते आपोआप लागेल.” तेव्हापासून घरात अखंड गाणं चालू आहे.

सुरुवात अर्थातच खाँसाहेबांपासून. मिरजेत राहून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ सोडून दुसऱ्या कुणापासून सुरुवात केली, तर दर्ग्याच्या उरुसातल्या मैफलीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मग कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी, जुनी हिंदी गाणी आणि नातवाच्या हट्टापायी थेट क्यूबातल्या म्हाताऱ्यांचं गाणं. भेळच म्हणा ना!

डोळे मिटलेले असले की गाणाऱ्याच्या मागचं ऐकू यायला लागतं. कुमारांचं एक भजन मी तीसेक वर्षं ऐकत आलेय. त्यातला तबला या खेपेला पहिल्यांदा ऐकला. ठेका नुसता धरून ठेवलेला. एक बोट जास्तीचं नाही, आणि कुमार शब्द मधेच सोडून थांबले की ती मोकळी जागा भरायची घाई नाही. वाजवतंय कोण? फोनवर गायकाचं नाव होतं, फोटो होता, तबलजी गायब. शेवटी ह्यांनी माळ्यावरून जुन्या कॅसेटचा खोका उतरवला. आतल्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, नाव होतं : वसंतराव आचरेकर. म्हणजे चाळीस रुपयांच्या कॅसेटला जे जमत होतं, ते आता जमेना.

जुन्या काळच्या गायिका गौहर जान यांच्या तबकड्या ऐकताना गंमत वाटली. गाणं संपता संपता बाई ठणकावून स्वतःचं नाव सांगतात. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण व्हायचं आणि तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही सोय. साथीदारांना कुठली आलीय अशी सोय? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत किती गोवेकर होते! स्वरलिपी वाचणारे, लिहिणारे, एकेका वादकाचा तुकडा कागदावर उतरवून देणारे. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव त्यांनी गाण्यातच घातलं. ते गाणं माझ्या लग्नाच्या वरातीत वाजलं होतं; हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे मला कळायला सत्तरी उलटावी लागली.

क्यूबावाल्यांचं तर काय सांगू. गायक इब्राहिम फेरेर बूट पॉलिश करून चार पैसे मिळवत होते, पियानोवादक रुबेन गोन्सालेस यांच्या घरी पियानोसुद्धा उरला नव्हता. १९९६ मध्ये हवानात त्यांना गोळा करून ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’चं ध्वनिमुद्रण झालं, आणि दोन वर्षांत ही मंडळी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. शब्द एक कळत नाही, पण रुबेन यांचा पियानो गाण्याच्या मधूनमधून असा डोकावतो की मला आमचे पेटीवाले गोविंदराव पटवर्धन आठवले. हार्मोनियम आणि पियानो, तुलना ओढूनताणून आहे, असं हे म्हणालेच मला.

आता मूळ मुद्दा. सध्या आपला अंक हे मला वाचून दाखवतात. परवा एका मैफलीची बातमी वाचली. गायिकेचे राग, बंदिशी, साडीचा रंगसुद्धा. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : ‘त्यांना तबल्यावर व संवादिनीवर अनुक्रमे अमुक व तमुक यांनी समर्पक साथ केली.’ तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, याचा तर पत्ताच नाही. ज्या गावात तानपुरे घडतात, ज्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या वाचकानं हे कसं चालवून घ्यावं? आपल्या वार्ताहराला म्हणावं, ‘समर्पक’ हा शब्द वर्षभर बंद ठेव आणि त्याऐवजी दोन ओळी लिही : लय कितीत होती, लग्गी, म्हणजे तबल्यावरची ती जलद, नखरेल लय, कुठे रंगली, पेटीवाल्यानं गायिकेचा सूर कुठे सांभाळून घेतला. साडीचा रंग राहिला तरी चालेल.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. ऐन मैफलींचे दिवस, आणि बातम्या पुन्हा ह्यांच्याच तोंडून ऐकायच्या आहेत. तेवढं बघा.

— एक वाचक, मिरज